नव्या ऊर्जेचें शिक्षण आणि प्रमाणपत्राचें मोल

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणचा मुक्काम आटोपून निघाली म्हणजे बरडास एक रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशीं नातेपुत्यास पोंचते. सातारा जिल्हा मागें पडून सोलापूर जिल्हा लागतो तो याच टप्प्यांत. एका अंगास शिखर शिंगणापूरचा डोंगर आणि माणदेशाचें कोरडें रान. दुसऱ्या अंगास नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी आणि त्या पाण्यावर पोसलेला माळशिरस तालुक्याचा ऊंस. असा हा दोन मुलुखांच्या शिवेवरचा गांव. ऊर्जेच्या दृष्टीनें पाहिलें तर या गांवाभोंवतीं तीन गोष्टींची वाण नाहीं : ऊंस, शेण आणि ऊन. पहिल्या दोहोंस माणसाचे कष्ट लागतात. तिसरें फुकट मिळतें आणि वैशाखांत तर नको तितकें मिळतें.

या तिन्हींपासून वीज, वाफ किंवा गॅस निर्माण करण्याच्या विद्येस 'नवीकरणीय ऊर्जा' असें भारदस्त नांव मिळालें आहे. शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे. दगडी कोळसा एकदां जळला कीं संपला. उसाचें चिपाड पुढच्या हंगामांत पुनः येतें आणि सूर्य तर उद्यां सकाळींच येतो. वापरूनहि जी भरून येते ती नवीकरणीय ऊर्जा. परंतु येथें विचार करावयाचा आहे तो ऊर्जेचा नव्हे, तर तिच्या शिक्षणाचा. तालुक्याच्या गांवीं एसटीच्या थांब्याजवळ 'सोलर टेक्निशियन व्हा' अशा पाट्या दिसूं लागल्या आहेत. तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे, वर्षाचे अभ्यासक्रम निघाले आहेत. कोठें शुल्क नाहीं, कोठें तें भारी आहे. दहावी झालेल्या मुलाचा बाप विचारतो कीं, हा कागद घेऊन पोराच्या हातास काम लागेल काय? शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. एक कोटि घरांच्या छपरांवर सौर वीज बसविण्याची केंद्र सरकारची योजना २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाली. त्या योजनेमुळें ज्यांच्या गच्चीवर पॅनेलें चढलीं किंवा चढणार आहेत, त्यांच्या घराच्या वायरी याच मुलांच्या हातांत जावयाच्या आहेत.

मूळ प्रश्न हा कीं, प्रमाणपत्र म्हणजे नेमकें काय? कागद तीन जातींचे असतात आणि लोक तिन्हींस एकाच नांवानें ओळखतात. एक कागद सांगतो कीं, हा मनुष्य अमुक दिवस वर्गांत बसला. दुसरा सांगतो कीं, यास अमुक काम करतां येतें, तें करवून पाहिलें आहे. तिसरा कागद कायद्याचा असतो. तो सांगतो कीं, असा मनुष्य हजर असल्यावांचून तें काम चालूंच देऊं नये. पहिल्या कागदानें फक्त भिंत सजते, दुसऱ्यानें काम मिळण्याचा संभव वाढतो, आणि तिसऱ्यानें पोट भरतें.

तिसऱ्या जातीच्या कागदाचें उत्तम उदाहरण पाहण्यासाठीं नातेपुत्याच्या मुलास तालुक्याबाहेर जावें लागत नाहीं. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं १९३२ सालीं स्थापिलेला माळीनगरचा साखर कारखाना याच माळशिरस तालुक्यांत आहे. अकलूजजवळचा शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखानाहि याच तालुक्यांतला. शंभर टन ऊंस गाळला म्हणजे २८ ते ३० टन चिपाड निघतें. कारखान्यांत त्यास बगॅस म्हणतात. त्यांत निम्मा भाग पाण्याचा. तरीहि तें भट्टींत पडलें म्हणजे एका टनापासून दोन टनांहून थोडी अधिक वाफ तयार होते. ही वाफ आधीं टर्बाइन फिरवून वीज देते, आणि तिचा जोर ओसरला कीं तीच पुढें उसाचा रस आटविण्याच्या कामीं येते. एका सरपणावर दोन कामें. यासच सहवीजनिर्मिती म्हणतात. साध्या संसारांतहि चुलीवरचा भात उतरल्यावर त्याच निखाऱ्यावर पाणी तापविण्याची रीत होती. तत्त्व तेंच, आकार मात्र राक्षसी. जुन्या कारखान्यांत वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास २१ किंवा ३२ किलो असे. दाब जितका अधिक तितकी त्याच चिपाडांतून वीज अधिक, म्हणून नवीन बॉयलर ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे आले. कारखाना स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकूं लागला तो या दाबाच्या जोरावर.

अशा दाबाच्या बॉयलरपाशीं पाण्याची पातळी एकदां डोळ्याआड झाली तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणूनच १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून असा दंडक आहे कीं, प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट जवळ असल्यावांचून बॉयलर चालवितां येत नाहीं. तो जुना कायदा जाऊन २०२५ सालीं त्याच्या जागीं नवा आला, पण हें तत्त्व टिकलें आहे. दुसऱ्या वर्गाचें आणि पहिल्या वर्गाचें अशीं हीं प्रमाणपत्रें असतात. परीक्षेस बसण्यापूर्वीं बॉयलरजवळ प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि परीक्षक समोर बसवून विचारतात कीं, कांचेंत पाणी दिसेनासें झालें तर प्रथम काय कराल. पाठ केलेलें उत्तर तेथें फार वेळ टिकत नाहीं. ज्या मुलाच्या हातीं पहिल्या वर्गाचें प्रमाणपत्र आहे त्यास गाळपाच्या हंगामांत काम शोधीत फिरावें लागत नाहीं. काम त्याला शोधीत येतें. हा नवीकरणीय ऊर्जेचाच व्यवसाय आहे. परंतु कोणत्याहि पाटीवर तसें लिहिलेलें नसल्यामुळें आईबापांच्या तें ध्यानांत येत नाहीं.

सौर ऊर्जेच्या प्रमाणपत्रामागें असें कायद्याचें बळ अद्याप नाहीं. छपरावर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पॅनेलें आवळणाऱ्या माणसाजवळ कागद नसला तरी त्यास कोणी हटकीत नाहीं, आणि ठेकेदारास रोजंदारीचा मनुष्य स्वस्त पडतो. कायदा आडवा येतो तो एक पायरी पुढें. ही वीज घराच्या वायरिंगशीं व महावितरणच्या तारेशीं जोडावयाची वेळ आली म्हणजे परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते, आणि त्याच्या हाताखालीं परवाना असलेला तारतंत्री लागतो. हे परवाने महाराष्ट्र शासनाचें अनुज्ञापक मंडळ देतें. तेव्हां नुसतें सौर प्रमाणपत्र घेतलेला मुलगा मदतनीस म्हणून राहतो. तेंच प्रमाणपत्र आणि तारतंत्र्याचा परवाना असे दोन्हीं कागद ज्याच्या खिशांत आहेत तो कारागीर होतो. जाहिरातींत हा भेद सांगितलेला नसतो, आणि मजुरींतील खरें अंतर नेमकें याच ठिकाणीं पडतें.

आतां अभ्यासक्रमांकडे वळूं. केंद्र सरकारनें २०१५ सालीं 'सूर्यमित्र' नांवाचा उपक्रम काढला. तो ६०० तासांचा, म्हणजे सुमारें तीन महिन्यांचा, राहण्याजेवण्याच्या सोयीसह आणि विनाशुल्क असा आखलेला होता. हरियाणांतील गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेकडे त्याची सूत्रें होतीं आणि २०२० पर्यंत पन्नास हजार मुलें तयार करण्याचा संकल्प होता. नांव मोठें गोड. सूर्यनमस्काराच्या बारा नांवांत पहिलेंच नांव 'मित्र' हें आहे, म्हणजे सूर्यमित्र या शब्दांत सूर्य दोनदां उगवतो! या उपक्रमांतील एक अट विशेष विचाराची होती. दहावीनंतर आय. टी. आय. मधून वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी असा एखादा व्यवसाय शिकलेल्या मुलांकडे त्याचा रोख होता. इंजिनियरिंगच्या पदवीधरांस त्यांत मुद्दाम जागा ठेविली नव्हती. कारण उघड आहे. पदवीधर प्रमाणपत्र घेऊन कचेरींत बसेल, छपरावर चढणार नाहीं. तीन महिन्यांत कोणी वीजतंत्री होत नाहीं. मात्र वीजतंत्र्यास तीन महिन्यांत सौर काम शिकवितां येतें, हें ज्यांनीं ही अट घातली त्यांस पुरतें ठाऊक होतें. पुढें ठिकठिकाणीं निघालेल्या अभ्यासक्रमांनीं ही अट जेथें सैल केली तेथें कागद वाढले, कारागीर तितके वाढले नाहींत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'सोलर टेक्निशियन' हा एका वर्षाचा स्वतंत्र व्यवसायहि शिकवितात. दहावीनंतर त्यास प्रवेश मिळतो. महाविद्यालयांसाठीं विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४ सालीं 'बी. व्होक.' ही पदवी आणली. तिची रचना सोयीची आहे : एक वर्ष शिकून सोडलें तर पदविका, दोन वर्षें काढलीं तर प्रगत पदविका, आणि तिसरें वर्ष पुरें केलें तर पदवी. घरची अडचण आली म्हणून शिकलेलें वायां जात नाहीं. त्याहून वरच्या पायरीवर मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें ऊर्जाशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पवनऊर्जेसाठीं चेन्नईस राष्ट्रीय संस्था आहे. आणि कारखान्यांत ऊर्जा वायां कोठें जाते हें शोधणाऱ्या ऊर्जा-परीक्षकांसाठीं २००१ च्या ऊर्जासंवर्धन कायद्याखालीं राष्ट्रीय परीक्षा होते. तो मार्ग इंजिनियरांचा. नातेपुत्याच्या दहा मुलांपैकीं नऊ मुलांचा प्रश्न खालच्या दोन पायऱ्यांवर सुटतो किंवा अडतो.

शिकावयाचें असतें तरी काय? पाहणाऱ्यास वाटतें, काळी कांच उन्हांत ठेविली कीं झालें. गांवांत त्या कांचेस 'प्लेट' म्हणतात, आणि प्लेट ठेवणें हें कांहीं विद्येचें काम दिसत नाहीं. परंतु पहिला प्रश्न हाच कीं, ती ठेवावी कशी? नातेपुतें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १८ अंशांवर आहे. वर्षभराचा हिशेब केला तर येथें सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो तेच दिवस अधिक; म्हणून प्लेटेचें तोंड दक्षिणेस आणि तिचा उतार सुमारें १८ अंशांचा ठेवावा लागतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत या गांवावर सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहींशी होते. तेथून जुलै अखेरपर्यंत तो दुपारीं किंचित् उत्तरेकडे असतो. हें भूगोलाच्या पुस्तकांत सर्वांनीं वाचलेलें असतें. तेंच ज्ञान हातांत पाना घेऊन छपरावर वापरतां आलें म्हणजे शिक्षण झालें.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अधिक ऊन म्हणजे अधिक वीज, हा समज अर्धाच खरा आहे. प्लेटेस उजेड पाहिजे, ताप नको. तिच्यावर लिहिलेली शक्ति २५ अंश तपमानाची असते. सोलापूर जिल्ह्यांतील एप्रिलच्या दुपारीं ती कांच ६५ अंशांपर्यंत तापते, आणि तपमानाच्या दर अंशामागें तिची शक्ति सुमारें ०.३५ ते ०.४ टक्क्यांनीं घटते. चाळीस अंशांचें अंतर धरलें तर १४ ते १६ टक्के वीज उन्हानेंच खाल्ली! म्हणून प्लेट पत्र्यास चिकटवून बसवावयाची नसते. खालून वारा खेळेल इतकें अंतर सोडावें लागतें. घरमालकास हें अंतर दिसायला बरें दिसत नाहीं आणि तो तें कमी करावयास सांगतो. त्या वेळीं 'तसें करूं नका' असें कारणासह सांगणारा मुलगा शिकलेला, आणि 'जशी तुमची मर्जी' म्हणणारा मुलगा फक्त प्रमाणपत्र घेतलेला.

तिसरी गोष्ट जिवाची आहे, आणि तिच्यासाठीं अभ्यासक्रमांतील निम्मे तास खर्चिले तरी अधिक होणार नाहींत. घरांतील वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा उलटसुलट होतांना ती सेकंदास शंभर वेळां शून्यावर येते. त्यामुळें बटण बंद करतांना उडालेली ठिणगी आपोआप विझते. प्लेटेपासून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते आणि कधींच शून्यावर येत नाहीं. तिच्या मार्गांत कोठें सांधा ढिला राहिला तर तेथें लागलेली ठिणगी विझत नाहीं. ती जळतच राहते आणि तारेचें वेष्टण पेटवते. एकामागें एक जोडलेल्या पंधरा-वीस प्लेटांचा दाब सहाशें-आठशें व्होल्टपर्यंत जातो. शिवाय घराचा मेन स्विच बंद करतां येतो, सूर्याचा करतां येत नाहीं. उजेड आहे तोंवर छपरावरील तार जिवंतच समजावी लागते. दिसायला सांधा हा दोन बोटांचा प्लॅस्टिकचा तुकडा. तो कोणत्या हत्यारानें दाबावयाचा, दोन निराळ्या बनावटीचे तुकडे एकमेकांत कां बसवूं नयेत, 'खट्' असा आवाज आला कीं नाहीं हें ओढून कसें पाहावयाचें, अर्थिंगचा अवरोध कसा मोजावयाचा, या गोष्टी फळ्यावर शिकतां येत नाहींत. त्या शंभरदां कराव्या लागतात, नव्वद वेळां चुकाव्या लागतात, आणि त्या चुका शाळेच्या आवारांत व्हाव्या लागतात; गृहस्थाच्या गच्चीवर नव्हे.

सावलीचेंहि असेंच. एकाच प्लेटेवर पाण्याच्या टाकीची सावली पडली तर नुकसान त्या प्लेटेपुरतें राहत नाहीं. ओळींतील सर्वांची चाल मंदावते, जशी बैलांच्या लांब जुंपणींत एक बैल अडला तर सर्वांचीच मंदावते. बांधकामाच्या वेळीं डिसेंबरांतील सकाळची सावली कोठवर येईल याचा अंदाज जूनमध्यें करतां यावा लागतो. धूळ धुण्याचीहि रीत आहे : सकाळीं लवकर किंवा उन्हें उतरल्यावर, आणि शक्यतों क्षार नसलेल्या पाण्यानें, तापल्या कांचेवर दुपारीं गार पाणी टाकलें तर कांच तडकण्याचें भय असतें, आणि क्षारी पाणी वाळून पांढरा थर ठेवून जातें.

या सर्वांत दुरुस्तीचें महत्त्व किती, हें पाहण्यास महाराष्ट्रापुढें एक जुना धडा आहे. गोबर गॅसची राष्ट्रीय योजना १९८१-८२ सालीं सुरू झाली आणि गांवोगांव खड्डे खोदले गेले. खादी आयोगाच्या नमुन्यांत विहिरीवजा टाकींत शेणकाला भरून त्यावर लोखंडी टोपण तरंगतें. गॅस सांचला कीं तें वर येतें, वापरला कीं खालीं बसतें. योजना सुरेख होती. परंतु शेणाच्या सान्निध्यांत लोखंडास गंज चढतो, आणि वर्षाच्या वर्षास तें टोपण खरवडून रंगविलें नाहीं तर त्यास भोंकें पडतात. पुढें घुमटाचे पक्के नमुने आले. त्यांत गंज नव्हता, पण घुमटास बारीक चीर गेली तर ती शोधून बुजविणारा तरबेज गवंडी हवा होता. अनुदान संयंत्र बांधण्यास मिळे. गवंड्यास शिकविण्यास तितक्या उत्साहानें कोणी पैसा देत नसे. परिणामीं पुष्कळ ठिकाणीं शेगडी विझली ती शेण संपल्यामुळें नव्हे, तर पन्नास रुपयांचा व्हॉल्व्ह बदलणारा मनुष्य दहा कोसांत नसल्यामुळें.

शिक्षणाची वेगळी वाट दाखविणारीं उदाहरणें मात्र याच महाराष्ट्रांत आहेत. पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत पाबळ म्हणून कोरडवाहू गांव आहे. अमेरिकेंत डॉक्टरेट मिळविलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन-केंद्रांत मोठ्या हुद्द्यावर असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं नोकरी सोडून १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम काढला. शाळेंत नापास झालेलीं, शिक्षण सोडलेलीं मुलें त्यांनीं गोळा केलीं आणि त्यांस एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम दिला. त्याचे चार भाग : वर्कशॉप, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलानें वेल्डिंगहि करावयाचें, वायरिंगहि करावयाचें, आणि केलेल्या कामाचा जमाखर्चहि मांडावयाचा. मुख्य विशेष असा कीं, मुलें जें शिकतात तें गांवच्या खऱ्या गिऱ्हाइकासाठीं करतात. वस्तु बिघडली तर गिऱ्हाईक परत येतें. परीक्षक म्हणून यापेक्षां कडक मनुष्य मिळणें कठीण. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनें त्या अभ्यासक्रमास मान्यता दिली. कलबाग २००३ सालीं निवर्तले, आश्रम चालू राहिला.

दुसरें उदाहरण तर नातेपुत्याहून पालखीच्या दोन मुक्कामांवर, फलटणास आहे. बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं तेथें कृषि-संशोधन संस्था स्थापिली. अमेरिकेंत सौर ऊर्जेचा अभ्यास केलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ सालीं तेथें आले आणि राहिले. गोड ज्वारीच्या धाटांपासून अल्कोहोल, त्या अल्कोहोलवर चालणारी शेगडी आणि कंदील, विजेवर चालणारी रिक्षा, असे प्रयोग त्या तालुक्याच्या गांवीं झाले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या 'आरती' संस्थेनें शेतांत जाळून टाकण्यांत येणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची रीत बसविली आणि त्यासाठीं २००२ सालीं तिला लंडनचें ॲश्डेन पारितोषिक मिळालें. माळशिरस तालुक्यांत तोडणीनंतर पाचटाच्या वणव्यांनीं आभाळ काळें होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या कांड्यांचें मोल कळेल. आश्चर्य इतकेंच कीं, एवढी विद्या दोन मुक्कामांवर असतां तालुक्यांतील पुष्कळ मुलें ऊर्जेचा अभ्यासक्रम म्हणून पुण्यांतील भाड्याच्या खोलींत, तीन प्लेटा व एक पडदा यांवर चालणाऱ्या वर्गास पैसे भरून बसतात.

हें शिक्षण मुलग्यांचेंच आहे असेंहि समजण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. नें २०१४ सालीं खेड्यांतील विद्यार्थ्यांसाठीं दहा लक्ष सौर दिव्यांची योजना हातीं घेतली. दिवे शहरांत तयार करून खेड्यांत धाडण्याऐवजीं सुटे भाग खेड्यांत नेले आणि तेथील माणसांस जोडणी शिकविली. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. दुरुस्तीचीं केंद्रेंहि तेथेंच उघडलीं. ज्या बाईनें दिवा स्वतः जोडला ती तो बिघडला असतां उघडावयास भीत नाहीं. छपरावरच्या अवजड कामास चार धट्टे गडी लागतील. परंतु सर्किट जोडणें, मोजमाप घेणें, बिघाड शोधणें यांत बाहुबळाचा संबंध नाहीं.

तेव्हां एखाद्या संस्थेंत मुलास घालण्यापूर्वीं आईबापांनीं तेथें एकदां स्वतः जावें आणि इमारत न पाहतां आवार पाहावें. शिकाऊ मुलांनीं स्वतः उभी केलेली, मोडलेली आणि पुनः उभी केलेली जोडणी तेथें दिसते काय? दर चार-पांच मुलांमागें एक मापनयंत्र आहे, कीं सर्वांमिळून एकच आहे व तें कपाटांत कुलपांत आहे? शिकविणाऱ्यानें स्वतः किती छपरें पाहिलीं आहेत? उंचीवर काम करतांना कमरेस बांधावयाचा पट्टा मुलांस वापरावयास लावतात काय, कीं तो चित्रांत दाखवितात? प्रमाणपत्र कोणाच्या सहीचें आणि राष्ट्रीय कौशल्य-पात्रतेच्या कोणत्या पायरीचें मिळेल? आणि शेवटचा प्रश्न : मागल्या वर्षींचीं मुलें सध्यां कोठें आहेत? चांगली संस्था दोन-चार मुलांचे पत्ते तत्काळ देते. 'शंभर टक्के नोकरी' असें छापील उत्तर मिळालें तर शुल्काचे पैसे खिशांतच ठेवावे. अभ्यासक्रमानंतर १९६१ च्या कायद्याखालीं शिकाऊ उमेदवारी मिळते काय हेंहि विचारावें; कारण त्या काळांत विद्यावेतन मिळतें, आणि दहा इमारतींवर दहा निराळे घोळ पाहावयास मिळतात.

काम मिळण्यासंबंधीं खोटी आशा दाखवूं नये, तशी उगाच निराशाहि करूं नये. पॅनेलें बसविण्याचें काम लाटेसारखें येतें. योजना आली कीं धांवपळ, निधि अडला कीं शुकशुकाट. मोठ्या कंपन्या आपलीं माणसें दूरवरून आणतात आणि काम झालें कीं तीं पुढच्या जिल्ह्यास जातात. दुरुस्तीचें काम मात्र गांव सोडून जात नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना काढली. तींत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा, अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पांच एकरांपर्यंत पांचाचा, त्यापुढें साडेसातांचा पंप. नातेपुत्याच्या पश्चिमेस, जेथें कालव्याचें पाणी पोंचत नाहीं, तेथील विहिरींस या पंपांचा आधार आहे, कारण रात्रीं-अपरात्रीं विजेची वाट पाहत बांधावर बसणें त्यानें चुकतें. या पंपांच्या दुरुस्तीची हमी पुरवठादार कंपनीवर पांच वर्षें असते.

म्हणजे २०२५ सालीं बसविलेल्या पंपाची हमी २०३० सालीं संपेल. त्या वर्षीं उभ्या पिकांत पंप थांबला तर पुण्याच्या कचेरींत फोन करून उपयोग होणार नाहीं. कंट्रोलर उघडून पाहणारा मनुष्य मोटारसायकलीवर तासाभरांत यावा लागेल. जो मुलगा किंवा मुलगी २०२६ सालीं दहावी होईल, त्यास आय. टी. आय. चीं एक-दोन वर्षें, उमेदवारीचें एक वर्ष आणि तारतंत्र्याच्या परवान्याची खटपट हें सर्व धरूनहि २०३० पूर्वीं तयार होतां येतें. शिक्षणास लागणारा काळ आणि हमी संपण्याचा काळ यांचा मेळ इतका बरोबर क्वचितच बसतो. मात्र त्यासाठीं प्रवेशाचा अर्ज याच दोन उन्हाळ्यांत भरला गेला पाहिजे.